चोथा

माझ्याजवळ २००३ सालची एक दोनशे पानी वही आहे. तिच्या पहिल्या पानावर चार रकाने आखलेले आहेत: तारीख, पिंजरा, वजन, खुराक. पहिल्या बारा दिवसांच्या नोंदी निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात आहेत. तेराव्या दिवसापासून खुराकाचा रकाना कोरा आहे आणि वजनाच्या रकान्यात आकड्यांऐवजी फुल्या आहेत. अक्षर एका तरुण शेतकऱ्याचे आहे, फुल्या माझ्या आहेत. मी त्या काळी सोलापूर जिल्ह्यात, मोहोळ तालुक्यात पशुवैद्यक म्हणून नोकरीला होतो. निवृत्तीनंतर घर बदलताना पुष्कळ कागद रद्दीत गेले. ही वही मात्र प्रत्येक वेळी बाजूला निघाली.

ते वर्ष दुष्काळाचे होते. आमच्या जिल्ह्याचे पर्जन्यमान साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास सांगितले जाते. परंतु सरासरी ही पडलेल्या आणि न पडलेल्या पावसाची मिळून असते, आणि माणसाला व जनावराला जगावे लागते ते एकेका वर्षात. विहिरी आटल्या होत्या, वैरणीचे भाव ऐकून लोक गप्प होत होते. अशा वेळी कमी जागेत, कमी पाण्यात होणारा धंदा म्हणून ससेपालनाची हवा गावोगाव पोहोचली होती. सात माद्या आणि तीन नर असा एक संच विकत घ्यायचा, पिंजरे उभे करायचे, आणि पिल्ले विकणाराच परत घेईल या बोलीवर विसंबायचे. त्या बोलीचे पुढे काय झाले हा निराळा विषय आहे. ज्या तरुणाची ही वही, त्याने असा एक संच घेतला होता. दोन एकर कोरडवाहू रान, बारावीपर्यंत शिक्षण, घरात विधवा आई. पिंजऱ्यांवर उसाच्या पाचटाचे छप्पर त्याने स्वतः शाकारले होते.

सशाची मादी एकतीस दिवसांत विते. पहिल्या खेपेला सात माद्यांची मिळून अडतीस पिल्ले जगली आणि महिन्याची झाल्यावर आईपासून तोडली. नेमका त्याच आठवड्यात विहिरीचा तळ दिसू लागला आणि लसूणघासाचा वाफा वाळून गेला. तरुण माझ्याकडे आला. मी विचार केला तो सरळ होता. घास नाही, तर पोषण दुसऱ्या मार्गाने दिले पाहिजे. मका मिळतो आहे. मक्यात ऊर्जा भरपूर आहे. मी चिठ्ठीवर मक्याचा भरडा आणि थोडी शेंगदाणा पेंड असे प्रमाण लिहून दिले आणि पिल्लांना पोटभर खाऊ द्यावे असे सांगितले. वहीतले रकानेही मीच आखून दिले. वजन रोज करावे असा माझा आग्रह होता. वाण्याकडून आणलेल्या जुन्या तराजूत पिल्लू बसवून तो ते इमानाने करी.

पहिले बारा दिवस पिल्ले फार चांगली वाढली. रोजची सरासरी अठ्ठावीस ग्रॅमपर्यंत गेली. आपल्याकडील उन्हात आणि साध्या चाऱ्यावर सशाचे पिल्लू दिवसाला पंधरा-वीस ग्रॅम वाढले तरी समाधान मानतात. त्या मानाने हे आकडे मला स्वतःच्या हुशारीचे प्रशस्तिपत्र वाटले. तेराव्या दिवशी सकाळी सर्वांत वजनदार पिल्लू पाय ताणून पडलेले सापडले. पुढच्या अकरा दिवसांत एकवीस गेली. जी अधिक वाढली होती, ती आधी गेली.

तिसऱ्या मृत्यूनंतर मी जुन्या वर्तमानपत्रावर एका पिल्लाचे शवविच्छेदन केले. मागचे पाय विष्ठेने माखलेले होते. पोट उघडताच पुढे आली ती अंधनाल. लहान आणि मोठे आतडे जिथे मिळतात तिथे असलेली ही बंद टोकाची पिशवी सशात शरीराच्या मानाने फार मोठी असते. पचनमार्गातील एकूण ऐवजापैकी सुमारे दोन पंचमांश एकट्या तिच्यात मावतो. निरोगी सशात तिच्यात मळलेल्या कणकेसारखा घट्टसर लगदा असतो. या पिल्लात ती वायूने ताणलेली होती आणि आत पाण्यासारखा फेसाळ द्रव होता. मी हात धूत असताना तरुणाची आई शेजारी येऊन उभी राहिली.

“डाक्टर, पिल्लं छपराचं पाचट वडून खात हुती वो. एकमेकाची केसं बी खात्यात. म्या पोराला म्हनलं, ह्येंना वैरण कमी पडतीया. त्यो म्हनला, डाक्टरांनी लिवून दिलंय तेवढंच द्यायचं.”

मी तिला सांगितले की पाचट घाण असते, त्याने रोग वाढेल, ते वर बांधून घ्या. तिने मान हलवली. संध्याकाळपर्यंत छपराच्या लोंबत्या कडा वर बांधल्या गेल्या. फक्त कोपऱ्यातला एक पिंजरा भिंतीच्या बाजूला असल्याने तिथे हात पोहोचला नाही आणि त्यावर पाचट तसेच लोंबत राहिले. त्या पिंजऱ्यातल्या पाच पिल्लांपैकी एकच गेले. एका पिंजऱ्यावरून सिद्धान्त मांडू नये हे मला शिकवलेले आहे आणि मी तो आजही मांडत नाही. परंतु ती बाई जे सांगत होती ते निरीक्षण होते आणि मी जे सांगत होतो तो ग्रह होता, एवढे म्हणण्याचा अधिकार मला आहे.

मी कुठे चुकलो हे समजायला मला काही वर्षे लागली, आणि ते दोन टप्प्यांत समजले. ससा गवत खातो म्हणून त्याला आपण मनात गाईच्या पंक्तीला बसवतो. गाय वैरण तासन्‌तास पोटात ठेवते, रवंथ करते, सूक्ष्मजीवांकडून तिचा तंतू फोडून घेते आणि त्यातून दूध काढते. सशाला हे जमत नाही. त्याच्या आतड्याची रीत उलटी आहे. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच तो जाड, खरबरीत तंतू बाजूला काढतो आणि झपाट्याने बाहेर टाकतो. त्याच आपल्याला दिसणाऱ्या कोरड्या, गोल लेंड्या. बारीक कण आणि द्रव मात्र तो मागे, अंधनालेत परतवतो. तिथे ते आंबते, आणि त्यातून दिवसाकाठी मऊ, चकचकीत लेंड्यांचे घोस तयार होतात. ते ससा जमिनीवर पडूही न देता थेट तोंडाने उचलून गिळतो. नवीन पाळणाऱ्याला यात किळस वाटते. वस्तुतः ते त्याचे दुसरे जेवण असते. प्रथिने आणि ब जीवनसत्त्वे त्याला त्यातून मिळतात.

या सगळ्या यंत्रणेला हलते ठेवतो तो न पचणारा तंतू. लिग्निन आणि सेल्युलोज यांतून सशाला पोषण जवळजवळ मिळतच नाही. ते आतड्याला रेटा देतात, आतला ऐवज पुढे ढकलतात, अंधनालेत काही फार काळ साचू देत नाहीत. तंतू कमी झाला की आतडे मंदावते, ऐवज रेंगाळतो, आणि एरवी मूठभर असणाऱ्या उपद्रवी जिवाणूंना वाढायला सवड मिळते. आईपासून तुटल्यानंतरचे तीन-चार आठवडे यात सर्वांत नाजूक असतात, कारण पिल्लाचे दूध सुटलेले असते आणि अंधनालेतील सूक्ष्मजीवांची वसाहत अजून स्थिरावलेली नसते.

पहिल्या टप्प्यावर मी सगळा दोष मक्यावर, म्हणजे त्यातल्या स्टार्चवर टाकला. त्याला आधारही होता. अमेरिकेतील ओरेगन राज्य विद्यापीठात सशांवर काम करणारे पीटर चीके यांनी १९८० च्या सुमारास असे प्रतिपादन केले होते की, कोवळ्या पिल्लाच्या स्वादुपिंडात स्टार्च फोडणारे विकर पुरेसे तयार झालेले नसते. त्यामुळे धान्य जास्त दिले तर न पचलेला स्टार्च अंधनालेत उतरतो, तिथे तो घातक जिवाणूंचे खाद्य होतो आणि हगवण लागते. हे वाचले तेव्हा मला एक प्रकारचे समाधान मिळाले. अपराध सिद्ध झाला होता आणि अपराधी माझ्या चिठ्ठीतला मका होता.

दुसरा टप्पा याहून अवघड निघाला. फ्रान्समध्ये १९९६-९७ च्या सुमारास सशांच्या पिल्लांमध्ये आतड्याच्या विकाराची एक भयंकर साथ उद्भवली आणि तिथल्या ससेपालनाचे कंबरडे मोडले. त्यानंतर या प्रश्नाकडे फार बारकाईने पाहिले गेले. तुलूझ येथील तिएरी जिदेन आणि त्यांचे सहकारी यांनी एक साधी पण चुकवता न येणारी अडचण दाखवून दिली: पोत्यात स्टार्च वाढवला की तंतू आपोआप घटतो. मग पिल्लू मेले ते कशाने? दोन्ही गोष्टी वेगळ्या करून पाहिल्यावर चित्र बदलले. तंतू तेवढाच ठेवून स्टार्च कमी-अधिक केला तर पिल्लांच्या आरोग्यात फारसा फरक पडत नाही. तंतू घटवला की रोग वाढतो. त्या संशोधनातून पुढे आलेला दंडक असा की, आईपासून तुटलेल्या पिल्लाच्या खाद्यात लिग्निन आणि सेल्युलोज मिळून अठरा-एकोणीस टक्के असावेत आणि स्टार्च चौदा टक्क्यांच्या आत राहावा. मक्यात स्टार्च साठ-सत्तर टक्के असतो आणि तंतू दोन-तीन टक्के. माझी चिठ्ठी या दंडकाच्या बरोबर उलट दिशेला उभी होती.

म्हणजे मी दिलेल्या गोष्टीने पिल्ले मेली, त्याहून अधिक मी न दिलेल्या गोष्टीने मेली. हा फरक शब्दांचा वाटेल. मला तो तसा वाटत नाही. ‘जास्त दिले’ ही चूक आपण सहज कबूल करतो, कारण तिच्यात औदार्याची छटा असते. घास संपला तेव्हा त्याच्या जागी दुसरी कोणतीही वैरण शोधायला हवी होती. भुईमुगाचा वाळलेला वेल, तुरीचे भुसकट, अगदी कडब्याची कुट्टीदेखील चालली असती. दुष्काळातही गावात कुणाकडे तरी पाटीभर मिळाली असती. मी ती विचारलीसुद्धा नाही, कारण माझ्या हिशेबात तिला किंमत नव्हती.

ही किंमत नसण्याची सवय आपल्या भाषेतही मुरलेली आहे. सत्त्व निघून गेल्यावर उरतो तो चोथा. एखाद्या भाषणात काही नसले तर आपण म्हणतो, नुसता चोथा होता. आमच्या पशुवैद्यकाच्या परिभाषेत हिरव्या घासाला ‘सकस चारा’ आणि कडबा-भुसकटाला ‘निकृष्ट चारा’ म्हणतात. गाईच्या दुधाच्या हिशेबात हे वर्गीकरण खोटे नाही. परंतु शब्द एकदा रूढ झाला की तो हिशेबाच्या बाहेरही राज्य करू लागतो. गाई-बैलांच्या बाबतीतही बेंदूर-पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काय होते, हे खेड्यातल्या प्रत्येक पशुवैद्यकाला ठाऊक आहे. आदल्या दिवशी प्रेमाने भरवलेल्या पुरणपोळ्या आणि खिचडा पोटात आंबून बैल आडवा झालेला असतो आणि मालक डोळ्यांत पाणी आणून सांगत असतो की कालपर्यंत चांगला खात होता. मी असे बैल पाहिले होते, वाचवलेही होते. तरी ससा समोर आला तेव्हा ते ज्ञान कामी आले नाही.

इथे एक सांगितले पाहिजे, नाहीतर लेख एका टोकाला जाईल. चोथा फुकट पडत नाही. ससा खाद्यातील ऊर्जेच्या मापाने खातो. खाद्यात तंतू वाढला की तो जास्त खातो, तरी वाढ थोडी मंदावते आणि किलोभर मांसामागे खाद्य अधिक लागते. धंदा करणाऱ्याच्या दृष्टीने हे सरळ नुकसान आहे. नुसत्या कडब्यावरही पिल्लू जगत नाही. प्रथिनांवाचून ते खंगते. लसूणघासासारख्या चाऱ्यात पेक्टिनयुक्त मऊ तंतूही असतो, तो अंधनालेत सहज आंबतो आणि बेताने ऊर्जा देतो. म्हणून घास हा सशाचा खरा आधार. फ्रान्समध्ये तर पुढे पिल्ले तोडल्यावर पहिले तीन आठवडे त्यांना मुद्दाम पाऊणपट खाद्य देण्याची पद्धत आली. त्या काळात वाढ मागे पडते, मृत्यू कमी होतात, आणि नंतर पोटभर मिळू लागले की पिल्ले बरीचशी तूट भरून काढतात. वाढ आणि जगणे या दोन गोष्टी काही आठवडे एकमेकींच्या आड येतात, आणि पालकाला त्या आठवड्यांत एकीची निवड करावी लागते.

मी ज्या तालुक्यात हा धडा गिरवला, तिथल्या शेतकऱ्यांना तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता, ही गोष्ट मला आजही खिन्न करते. रब्बी ज्वारीची मालदांडी ३५-१ ही जात १९३० च्या दशकात याच मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडली गेली. १९६४ साली सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला आणि त्यामागून पुष्कळ आले. त्यांचे कणीस भरघोस असे, ताट बुटके. खरिपात ते रुजले. रब्बीत मात्र आमचा शेतकरी मालदांडीलाच धरून राहिला. त्याला अडाणी म्हणणारे अधिकारी मी पाहिले आहेत. काही काळ मीही त्यांच्यातच होतो. त्याचा हिशेब मात्र आमच्याहून पूर्ण होता. तो पोत्यांबरोबर पेंढ्याही मोजत असे. दाणा माणसाचा, कडबा जनावराचा, आणि एकाच ताटावर दोघांचे वर्ष निघाले पाहिजे. त्याच्या वहीत दोन्ही रकाने होते.

१९८० साली भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले आणि पाण्यामागे ऊस आला. आज जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. उसाने घरे बांधली, मुले शिकवली, हे मी नाकारत नाही. माझ्या ओळखीच्या कित्येक कुटुंबांचे दारिद्र्य त्यानेच फिटले. पण एकरभर ऊस वाढला तेव्हा एकरभर ज्वारी गेली, आणि ज्वारी गेली तेव्हा बाजारात दाणा बाहेरून आणता आला, कडबा आणता आला नाही. त्यानंतरच्या दुष्काळांत सांगोला-मंगळवेढ्याकडच्या छावण्यांतून दावणीला बांधलेल्या जनावरांपुढे उसाची कांडी पडलेली मी पाहिली आहे. गोड पदार्थ खाऊन जनावर हडकते, हे दृश्य ज्याने पाहिले त्याला तंतू आणि साखर यांच्यावर व्याख्यान ऐकण्याची गरज उरत नाही.

रानातल्या सशाची कथा निराळी आहे. मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो. पिंजऱ्यातला युरोपातून आलेला, बिळात राहणाऱ्या कुळातला, आणि आपला माळावरचा ससा बीळ न करणारा, जन्मतःच डोळे उघडे असलेला. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात एप्रिल महिन्यात गेलो की वाळलेल्या कुसळी गवतात तो अजूनही एखादा उठतो. त्या काळात त्या माळावर काडीशिवाय काही नसते. त्या काडीवर तो उन्हाळा काढतो.

त्या तरुणाकडे मी पुन्हा गेलो तो आठ वर्षांनी, बदली दुसरीकडे झाल्यावर. ससे त्याने त्याच वर्षी काढून टाकले होते. आता त्याच्याकडे वीस-बावीस उस्मानाबादी शेळ्या होत्या आणि गव्हाणीत तुरीचे भुसकट होते. आई वारली होती. मी त्याला जे वाचले ते सांगितले: पिल्ले पाचट का ओढत होती, केस का खात होती, आणि त्या दिवशी त्याच्या आईचे म्हणणे बरोबर होते. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग आत जाऊन त्याने ही वही आणली आणि म्हणाला, “साहेब, ही तुमच्याकडं असू द्या.” वहीत वजनाचा रकाना होता. लेंडीचा नव्हता. तो मी आखून दिला नव्हता.

आता ससेपालनाची ती हवा ओसरली आहे, पण शहरातल्या घरांतून लहान मुलांसाठी सशाची पिल्ले आणण्याची हौस वाढली आहे. जुळे सोलापूरला माझ्या शेजारी नुकतीच अशी एक जोडी आली. बाजारात विकली जाणारी पिल्ले बहुधा महिन्याचीच असतात, म्हणजे नेमक्या त्या नाजूक आठवड्यांतली. मुले त्यांना बिस्किटे, पाव, भात प्रेमाने भरवतात. आपल्या घरी अशी पिल्ले असतील तर वाचकांना माझी एक विनंती आहे. पिंजऱ्यात वाळलेले गवत सतत असू द्यावे, आणि रोज सकाळी खाली वाकून लेंड्या पाहाव्यात. त्या गोल, कोरड्या आणि भरपूर असाव्यात. त्या पातळ झाल्या, लहान झाल्या किंवा दिसेनाशा झाल्या, तर धान्य आणि बिस्किटे त्याच क्षणी बंद करावीत, गवत पुढ्यात ठेवावे आणि पशुवैद्यकाला त्याच दिवशी दाखवावे. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नये.